जबड्याचे हाड, मूळपेशी आणि खालाची कवळी



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर आमच्या खाला आमच्याकडे आल्या आणि काही न बोलता घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला. खाला मीरा रोडच्या नया नगरमध्ये आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहतात. वय बासष्ट. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे घरात मराठीच बोलतात. खालू गेल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली आहे, उमरा. शिवणकाम करून, मुलांनी ईदला दिलेले बाजूला टाकून त्यांनी पैसे जमवले आहेत.

कागद एका दातांच्या दवाखान्याचा होता. खालच्या जबड्यात एकही दात उरलेला नाही, कवळी बसत नाही, बोलताना उचलली जाते, भाकरी तर सोडाच, भातातला खडाही टोचतो, म्हणून खाला तिथे गेल्या होत्या. कागदावर लिहिले होते, ‘स्टेम सेल पद्धतीने नवीन हाड, नंतर सहा इम्प्लांट’. त्यापुढे रक्कम. त्यातली केवळ हाडाची किंमत एक लाख ऐंशी हजार. खाली रंगीत अक्षरांत, ‘तुमच्याच पेशी, तुमचेच हाड, शंभर टक्के नैसर्गिक’.

खालांनी विचारले, “तुम्ही मासिकात आरोग्याचं लिहिता ना? मग मला एवढंच सांगा, माझं गेलेलं हाड परत उगवतं का? उगवत असेल तर उमऱ्याचे पैसे यात घालीन. अल्लाहने सेहत दिली तर उमरा पुढच्या वर्षी.”

आम्ही त्या रात्री लगेच उत्तर दिले नाही. चार दिवस मागून घेतले, वाचले, दोन जाणत्या डॉक्टरांना भेटलो. जे समजले ते या महिन्याच्या पानावर मांडत आहोत. कारण असा कागद एकट्या आमच्या खालांच्याच हातात पडला असेल असे आम्हाला वाटत नाही.

हाड जाते कुठे?

आपण समजतो की जबड्याचे हाड म्हणजे दगड. दात त्यात रोवलेला, दात गेला तरी दगड जागच्या जागी. खरे तसे नाही. जबड्याचा जो भाग दात धरून ठेवतो तो दातासाठीच तयार होतो आणि दातासाठीच टिकतो. दात आणि हाड यांच्यामध्ये अगदी बारीक तंतू असतात. आपण घास चावतो तेव्हा त्या तंतूंवाटे हाडाला ताण पोचतो आणि त्या ताणावर हाड जिवंत राहते. दात निघाला की ताण संपला. भाडेकरू गेला की खोली बंद राहते, बंद खोलीची भिंत ओलीने फुगते आणि ढासळते, तसे ते हाड झिजत जाते.

ही झीज फार वेगाने होते. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. वर्षानुवर्षे कवळी वापरणाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात दिसले आहे की खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. म्हणून ‘वरची कवळी ठीक आहे, खालची बसत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

दुसरे कारण पायरिया. हिरडीच्या खाली कीट साचते, सूज येते, सूज हाड खाते. दात हलू लागतो आणि एक दिवस हातात येतो. मधुमेह ताब्यात नसेल तर हे दुप्पट जोमाने होते. आणि तंबाखू. आमच्या कोकणात आणि देशावरही कित्येक बायका सकाळी दातांना मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात साफ करते असे वाटते. प्रत्यक्षात ती हिरडीचा रक्तपुरवठा मंदावते आणि आतला आजार झाकून ठेवते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मिश्री स्वयंपाकघराच्या फळीवर डबीत निवांत बसलेली असते. खालांच्या फळीवरही होती, चाळीस वर्षे.

हाड भरण्याचे चालू मार्ग

हाड गेले तर भरता येते. हे काम दंतवैद्यकात अनेक दशके चालू आहे आणि त्यात मूळपेशींचा काहीही संबंध नसतो.

परसातला दोडक्याचा वेल आठवा. वेल वर जायला तीन गोष्टी लागतात. बी, मांडव आणि पाणी. शिवाय तण काढत राहावे लागते, नाहीतर तेच जागा खाते. हाडाचेही तसेच आहे. हाड घडवणाऱ्या पेशी हे बी. त्यांना धरून चढायला जाळीदार आधार हवा, तो मांडव. रक्तपुरवठा आणि वाढीचे रासायनिक संदेश हे पाणी. आणि हिरडी हे तण, कारण ती हाडापेक्षा फार लवकर वाढते आणि रिकामी जागा व्यापून टाकते. म्हणून डॉक्टर खळग्यात हाडाची भुकटी भरतात, म्हणजे मांडव घालतात, आणि वरून पातळ पडदा लावून हिरडीला बाहेर ठेवतात. बी आणि पाणी आजूबाजूच्या जिवंत हाडातून येते. चार ते सहा महिन्यांत भुकटीच्या जागी बऱ्याच अंशी स्वतःचे हाड तयार होते.

आता आपल्या घरांत विचारला जाणारा, पण दवाखान्यात संकोचाने न विचारला जाणारा प्रश्न. ही भुकटी आणि हा पडदा येतो कुठून?

भुकटी चार प्रकारची असते. पहिली स्वतःच्याच शरीरातली, हनुवटीतून, जबड्याच्या मागच्या भागातून किंवा कमरेच्या हाडातून काढलेली. दुसरी दुसऱ्या माणसाने दान केलेल्या हाडाची. तिसरी जनावराच्या हाडाची, बहुधा गाईगुरांच्या. चौथी कृत्रिम, कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षारांची. पडदे बहुतेक कोलॅजेनचे असतात आणि हे कोलॅजेन पुष्कळदा डुकराचे असते, काही वेळा गुरांचे. जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या नावांपैकी बायो-ऑस ही भुकटी गुरांच्या हाडाची आहे आणि बायो-गाइड हा पडदा डुकराच्या कोलॅजेनचा. गुरांच्या हाडावर प्रक्रिया करून त्यातला सगळा जैविक अंश काढतात, उरतो तो निव्वळ क्षार. पडद्यात मात्र कोलॅजेन हे प्रथिन असतेच.

पदार्थाचे रूप पूर्ण बदलले तर त्याचा हुकूम बदलतो का, गरज किती असली म्हणजे सूट मिळते, यावर उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. त्यात निवाडा देणे आमचे काम नाही. आम्ही एवढेच सांगू की आलिमसाहेबांकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, “हे कशापासून बनले आहे? डबीवरचे लेबल दाखवाल का?” प्रश्नच अर्धवट असेल तर उत्तर नेमके कसे मिळणार? चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. गाईचे नको असे सांगणारे हिंदू आणि जैन रुग्णही त्यांच्याकडे येतातच. कृत्रिम भुकटी आणि कृत्रिम पडदेही मिळतात. आधी सांगितले तर तशी सोय होते. टाके घातल्यावर विचारून उपयोग नाही.

दान केलेल्या हाडाबद्दल एक गोष्ट आपल्या जवळचीच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतींची पेढी आहे. दात्यांकडून मिळालेले हाड तिथे स्वच्छ करून, गोठवून वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते आणि शस्त्रक्रियांसाठी दिले जाते. आपल्या शहरात असे काम इतकी वर्षे शांतपणे चालू आहे, हे आम्हाला खालांच्या कागदामुळेच कळले.

मग मूळपेशी म्हणजे काय?

शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. त्वचेची पेशी त्वचाच होते. पण काही पेशींचे काम अजून ठरायचे असते. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करू शकतात आणि गरजेप्रमाणे हाडाची, कूर्चेची किंवा चरबीची पेशीही होऊ शकतात. यांनाच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणतात. अस्थिमज्जेत हाड घडवणाऱ्या अशा पेशी असतात हे 1960 च्या दशकापासून मॉस्कोचे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

दातांचा संबंध नंतर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2000 मध्ये काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या आतल्या मऊ गरात मूळपेशी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच गटातले सोंगताओ शी हे मुलांच्या दातांचे डॉक्टर. त्यांच्या लहान मुलीचा दुधाचा दात पडला. त्याच्या आत लालसर गर दिसला तेव्हा त्यांना वाटले, इथेही पाहावे. दुधाच्या दातांतही मूळपेशी सापडल्या, ते संशोधन 2003 मध्ये छापून आले. पुढच्या वर्षी दात आणि हाड जोडणाऱ्या तंतूंमध्येही त्या मिळाल्या. म्हणजे आपण कचऱ्यात टाकतो त्या दातात हाडाचे बी आहे. ही कल्पना कोणालाही भुरळ घालील अशीच.

पण बी असणे आणि पीक येणे यात पुष्कळ अंतर असते. एका दातातून मिळणाऱ्या पेशी मूठभरही नसतात. त्या अतिशय स्वच्छ प्रयोगशाळेत दिवसेंदिवस वाढवाव्या लागतात, त्यात जंतू शिरले नाहीत ना, पेशी बिघडल्या नाहीत ना, हे तपासावे लागते, मग त्या जाळीवर बसवून जबड्यात ठेवाव्या लागतात. माणसांवर हे करून पाहिले गेले आहे. त्यातल्या तीन प्रयोगांचे निष्कर्ष पाहा.

इटलीतील नेपल्सच्या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या जागी रुग्णाच्याच दातातल्या पेशी कोलॅजेनच्या स्पंजवर ठेवल्या आणि 2009 मध्ये कळवले की हाड भरून आले. तीन वर्षांनी त्याच रुग्णांचे हाड पुन्हा तपासले तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. हाड तयार झाले होते, पण त्या जागी नैसर्गिकपणे असते तसे जाळीदार नव्हते, घट्ट भरीव होते. अपाय दिसला नाही. पण ‘जसे होते तसे परत आले’ असेही म्हणता येईना.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने 24 रुग्णांवर चाचणी केली, ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना कमरेच्या अस्थिमज्जेतून काढून वाढवलेल्या पेशी दिल्या, काहींना नेहमीची पद्धत. पेशी दिलेल्यांत सहा आठवड्यांना हाड अधिक भरलेले दिसले आणि इम्प्लांट बसवताना पुन्हा हाड भरण्याची गरज कमी पडली. म्हणजे काम लवकर झाले. आशा वाटावी असाच निकाल, पण माणसे चोवीसच.

तिसरी चाचणी चीनमधली, 2016 ची. पायरियाने हाड खाल्लेल्या रुग्णांना एका गटात फक्त गुरांच्या हाडाची भुकटी आणि दुसऱ्या गटात भुकटीबरोबर त्यांच्याच दाताच्या तंतूंतील मूळपेशी दिल्या. पेशींनी अपाय केला नाही. पण दोन्ही गटांत हाड जवळजवळ सारखेच वाढले, म्हणण्याजोगा फरक निघाला नाही.

हे तिन्ही निकाल एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. विज्ञान खरे आहे, दिशा चांगली आहे, आजपर्यंत मोठा धोका दिसलेला नाही. पण साध्या, स्वस्त, जुन्या पद्धतीपेक्षा हे निश्चित चांगले, असे सांगण्याइतका पुरावा अजून नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला एका डॉक्टरांनी समजावली. डॉक्टर जेव्हा तुमच्याच जबड्यातले ताजे हाड काढून दुसरीकडे बसवतात, तेव्हा त्या हाडासोबत जिवंत पेशीही जातात, मूळपेशीसुद्धा. म्हणून तर स्वतःचे हाड आजही सर्वांत भरवशाचे मानतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा सारा खटाटोप आहे तो माणसाला दुसरी जखम न करता तेच साधण्यासाठी.

कायदा काय म्हणतो

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 मध्ये मूळपेशींबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा सार सोपा आहे. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारे रक्तजनक मूळपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी कशासाठीही मूळपेशी वापरायच्या तर ते संशोधन समजले जाईल, आणि मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येईल. संशोधन आहे म्हणून रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पुढे 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनी मूळपेशींपासून तयार केलेल्या उत्पादनाला ‘नवीन औषध’ ठरवले. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही. चाचणीत रुग्णाला इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूदही त्याच नियमांत आहे.

योग्य रस्त्याने जाणाऱ्यांना दार बंद नाही. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून हाड घडवणाऱ्या पेशी वाढवून खुब्याच्या मरू लागलेल्या हाडात सोडण्याच्या उपचाराला 2017 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पायाचा रक्तपुरवठा बंद पडू लागलेल्या रुग्णांसाठी बेंगळुरूच्या एका कंपनीच्या मूळपेशींच्या औषधाला 2020 मध्ये. दोघांनाही आधी चाचण्यांतून जावे लागले. मात्र हे खुब्याचे आणि पायाचे उपचार. जबड्याच्या हाडाचे नव्हेत. एका कामाची परवानगी दुसऱ्या कामाला चालत नाही, रिक्षाच्या परवान्यावर बस चालवता येत नाही तसे.

हे वाचल्यावर आम्हाला एक साधी खूण सापडली. खरे संशोधन तुमच्याकडे सही मागते, पैसे मागत नाही. ते संमतीपत्र देते, तुमच्या भाषेत समजावते, कधीही बाहेर पडण्याची मुभा देते आणि सरकारच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो. जिथे सही एका ओळीची आणि बिल दोन पानांचे, तिथे जरा थांबावे.

नाव एक, वस्तू दुसरी

आम्ही त्या दवाखान्यात खालांबरोबर गेलो आणि नम्रपणे विचारले, मूळपेशी कुठून काढणार? उत्तर आले, “हाताच्या रक्तातून. नळी मशीनमध्ये फिरवतो, वर जो जेलीसारखा थर येतो तो भरतो.”

हे आम्ही वाचले होते. याला पीआरएफ म्हणतात. फ्रान्समध्ये 2001 च्या सुमारास ही पद्धत पुढे आली. रुग्णाचे रक्त फिरवले की प्लेटलेट आणि फायब्रिन यांचा घट्ट पडदा वेगळा होतो. त्यात जखम भरायला मदत करणारे घटक असतात. पद्धत चांगली आहे, अनेक प्रामाणिक डॉक्टर ती वापरतात, रक्त आपलेच असल्याने बाहेरच्या वस्तूचा प्रश्नही येत नाही. पण प्लेटलेट म्हणजे मूळपेशी नव्हे. प्लेटलेटला केंद्रकही नसते, ती विभागून वाढू शकत नाही. वेलाच्या उपमेत सांगायचे तर हे खत आहे, बी नाही. खताच्या पोत्यावर बियाण्याचा भाव लावला होता, एवढेच.

अशीच दुसरी जाहिरात तरुण आईबापांपर्यंत पोचते. ‘मुलाचा दुधाचा दात फेकू नका, मूळपेशी गोठवून ठेवा, आयुष्यभराचा विमा.’ कोकणात आमचे दुधाचे दात कौलावर टाकले जात आणि उंदराकडून बदल्यात चांगला दात मागितला जाई. मीरा रोडच्या सातव्या मजल्यावर कौल कुठले आणणार? म्हणून ही जाहिरात मनाला लागते. पण 2017 च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की पैसे घेऊन साठवण करायला परवानगी फक्त नाळेच्या रक्ताची आहे. दात, नाळेची ऊती, वार यांच्या पेशींच्या व्यापारी पेढ्यांना नाही. मुलासाठी काही ठेवायचेच असेल तर त्याच्या कायमच्या पहिल्या दाढा जपा. त्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येतात, आणि आपण त्यांना दुधाच्या समजून किडू देतो.

मूळपेशी घेणे शरीअतच्या दृष्टीने कसे, असेही काही जण विचारतात. मक्केतील राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने 2003 मध्ये यावर विचार केला होता. मोठ्या माणसाच्या संमतीने आणि अपाय होत नसेल तर त्याच्या शरीरातून अशा पेशी घेऊन उपचार करण्याला तिने जायज मानले. म्हणजे अडचण पेशींची नाही. अडचण आहे ती नसलेल्या पेशी विकण्याची. मापात खोट हा गुन्हा तराजूवर होतो तसाच बिलावरही होतो.

विचारायचे सहा प्रश्न

हा भाग कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

एक, माझे हाड किती उरले आहे ते स्कॅनवर दाखवाल का? साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी लागतो.

दोन, हाड न भरता माझे काम होऊ शकते का?

तीन, भरायचेच असेल तर वस्तू कशापासून बनली आहे? लेबल पाहू द्या.

चार, मूळपेशी म्हणत असाल तर त्या शरीरातून कुठून काढणार, कुठल्या प्रयोगशाळेत वाढवणार, आणि केंद्राची परवानगी किंवा चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता?

पाच, हे चालले नाही तर पुढे काय, आणि तो खर्च कोणाचा?

सहा, माझी साखर, माझी तंबाखू, माझी औषधे यांचा यावर काय परिणाम होईल? हाडे ठिसूळ होतात म्हणून किंवा कर्करोगासाठी काही औषधे चालू असतील तर ती आवर्जून सांगा. त्यांतल्या काहींमुळे जबड्याची जखम भरत नाही.

दुसरे मत घ्यायला लाजू नका. मीरा रोड-भाईंदरहून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरले की महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय जवळच आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. गर्दी असते, एक दिवस मोडतो. पण तिथे हिरड्यांचे, शस्त्रक्रियेचे आणि कवळीचे डॉक्टर एकाच छताखाली भेटतात.

खालांचे काय झाले

खालांना आम्ही मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयात नेले. पहाटेच्या गाडीला बायकांच्या डब्यात बसायला मिळाले, हीच पहिली बरकत. स्कॅन झाला. तिथल्या प्राध्यापक डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर जबडा फिरवून दाखवला. मागच्या बाजूला हाड खरेच फार खाली गेले होते. पण पुढे, हनुवटीच्या भागात, ते शाबूत होते. त्यांनी सांगितले की खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड बहुधा टिकते. तिथे दोन इम्प्लांट लावायचे आणि त्यांना बटणासारखी कवळी अडकवायची. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनीही खालचा जबडा पूर्ण दंतहीन असलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय ठरवला होता.

खालांनी विचारले, “म्हणजे नवीन हाड नकोच?”

“नकोच, खाला. आहे ते पुरेल. पण एक अट आहे, मिश्री बंद. आणि तीन महिन्यांची साखर खाली आणून दाखवा. त्याशिवाय मी हात लावणार नाही.”

परतीच्या गाडीत खाला दहिसरपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एक लाख ऐंशी हजार देणं सोपं होतं गं. डबी टाकणं कठीण आहे.”

त्यांनी डबी लगेच टाकली नाही. पहिले पंधरा दिवस डोके दुखले, चिडचिड झाली, दोनदा लपून लावली आणि दोनदा स्वतःच येऊन सांगितले. आम्ही रागावलो नाही. सब्र दोन्ही बाजूंनी लागतो. रमजानमध्ये दिवसभर सुटते तर बाकीचे तास का सुटणार नाहीत, हा विचार त्यांचा स्वतःचा. साखर चार महिन्यांनी ताब्यात आली. दोन इम्प्लांट बसले. गेल्या महिन्यात कवळी अडकवली, तेव्हा हलकासा टक् असा आवाज आला आणि खाला हसल्या.

उमऱ्याच्या पैशांतून थोडे गेले, मोठा भाग शिल्लक आहे. मुलांनी भर घालायची कबूल केली आहे. इन्शाअल्लाह येत्या थंडीत निघतील.

मूळपेशींपासून जबड्याचे हाड उगवण्याचा दिवसही येईल. अपघातात किंवा कर्करोगात अर्धा जबडा गमावलेल्यांना त्याची फार गरज आहे, आणि जगभरचे संशोधक त्यासाठी झटत आहेत. तो दिवस आला की याच पानावर आनंदाने लिहू. तोवर शरीर ही अमानत आहे, आणि अमानतीचा सौदा करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा, एवढीच विनंती.

खालांनी तो जुना कागद फेकलेला नाही. घडी घालून ज्या डबीत मिश्री असायची त्याच डबीत ठेवला आहे. आम्ही विचारले, कशाला? म्हणाल्या, “शेजारची विचारायला येईल तेव्हा दाखवीन.”